विषाणूंवर संशोधन करायला एमबीबीएस लागतंच असं नाही

‘नीट हुकली, आता विषाणूसंशोधन विसर,’ असं नागपुरात बारावीच्या पोरांना वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते साफ चूक आहे. रुग्णावर उपचार करायला वैद्यकीय पदवी लागते, विषाणू अभ्यासायला नाही. मानवी कोरोनाविषाणू १९६०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणाऱ्या जून अल्मेडा सोळाव्या वर्षी शाळा सोडून ग्लासगोत प्रयोगशाळा तंत्रज्ञ झाल्या होत्या. प्रतिपिंडांनी विषाणूंचा पुंजका करून ते स्पष्ट दिसतील, अशी पद्धत त्यांनी हातखंडा केली. केवढी मोठी गोष्ट!

आपल्या नीरीचंच बघा. पर्यावरणावर काम करणारी ही संस्था, पण २०२१मध्ये मिठाच्या पाण्याच्या गुळणीतून कोरोना तपासायची पद्धत तिथेच तयार झाली. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात बीएस्सी, मग एमएस्सी, पीएचडी, हा रस्ता आजही खुला आहे.