रिपीटरचं बहिरेपण आणि दोन टेकड्यांचा तोडगा

दर्यापूरकडच्या वावरात पाच वॅटचा हातसेट घेऊन उभा असलेला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, सातपुड्यावरच्या एखाद्या रिपीटरला हाक देतोय असं समजा. रिपीटर म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं लगेच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुढे पाठवणारं यंत्र. हाक पोचते, रिपीटरचा ट्रान्समीटर चालू होतो आणि तेवढ्यात आवाज तुटतो. ट्रान्समीटर बंद, की पुन्हा ऐकू येतं; चालू, की पुन्हा तुटतं. मी याला रिपीटरची उचकी म्हणतो.

रिपीटरला एकाच वेळी ऐकायचंही असतं आणि बोलायचंही. दोन मीटर बँडवर, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास, या दोन फ्रिक्वेन्सींत अंतर जेमतेम ६०० किलोहर्ट्झ. २५ वॅटचा ट्रान्समीटर म्हणजे ४४ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली ताकद; दर दहा डेसिबलला ती दहापट). रिसीव्हरला ऐकायचा असतो ०.२ मायक्रोव्होल्टचा सिग्नल, म्हणजे उणे १२१ डीबीएम. फरक १६५ डेसिबलचा! शिवाय त्रास दुहेरी. जोरदार सिग्नलने रिसीव्हर दबतो, हे एक. ट्रान्समीटरचा गोंगाट थेट ऐकायच्या फ्रिक्वेन्सीवरच सांडतो, हे दुसरं. त्याला रिसीव्हरपाशी कितीही फिल्टर लावले तरी फायदा नाही, तो ट्रान्समीटरपाशीच गाळावा लागतो. नवखे इथेच फसतात.

अमेरिकेत १९६०च्या दशकात व्यावसायिक वायरलेसचे चॅनेल अरुंद झाले, जुने एफएम सेट स्वस्तात हॅमच्या हाती आले आणि रिपीटर वाढले. तेव्हाचा एक सरळ उपाय म्हणजे रिसीव्हर एका टेकडीवर, ट्रान्समीटर दुसऱ्या टेकडीवर आणि मध्ये टेलिफोनची तार किंवा वरच्या बँडवरची लिंक. १४५ मेगाहर्ट्झला एक किलोमीटर मोकळी हवाच सुमारे ७६ डेसिबल खाते, दहा किलोमीटर ९६. मध्ये डोंगर आला तर आणखी बरं.

मग कॅव्हिटी डुप्लेक्सर आले, एकाच अँटेनावर ऐकणं आणि बोलणं वेगळं ठेवणारे फिल्टर. तांब्या-पितळेचे उंच डबे, आतल्या दांड्यांची लांबी पाव तरंगाएवढी, म्हणजे सुमारे अर्धा मीटर. एकच अँटेना, एकच जागा. दोन टेकड्यांची गरज बरीचशी संपली.

पण आपल्याकडचा मे महिना कोणाला सोडतो? डिसेंबरच्या पहाटे ट्यून केलेल्या डब्यात तांब्याची दांडी तापमान ३० अंशांनी चढताच फुगते आणि डब्याची फ्रिक्वेन्सी सुमारे ७४ किलोहर्ट्झ सरकते. नको ती फ्रिक्वेन्सी गाळणाऱ्या ज्या अरुंद खाचेवर सगळी भिस्त, ती जागेवरून हलते. म्हणून चांगल्या डुप्लेक्सरमध्ये इन्व्हारची दांडी असते. उष्णतेने जवळपास न फुगणारा हा मिश्रधातू शार्ल गियोम यांनी १८९६ साली शोधला, १९२०चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं. तांबटाकडून घडवून घेतलेल्या घरगुती डब्यात इन्व्हार कुठून येणार?

त्यामुळे ग्रामीण विदर्भात दोन जागांचा जुना तोडगा मला अजून पटतो. भाव मात्र चढाच. दोन बॅटऱ्या, विजेपासून जपायचे दोन मनोरे, शिवाय ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झमधली लिंक. लिंकवर सबटोन (आवाजाखालून सतत जाणारा ओळखीचा सूर) हवाच, नाहीतर नुसत्या खरखरीने ट्रान्समीटर रात्रभर चालू राहतो आणि सकाळी बॅटरी झोपलेली मिळते.

कोणती पेटी कुठे ठेवायची, यावर वाद घालणारे पुष्कळ. माझं मत पक्कं आहे: मोबाइल टॉवर आणि मोटारपंपांपासून दूर, सर्वांत शांत माथा रिसीव्हरला द्यायचा. तो सोलरवरही निभावतो. ट्रान्समीटर खाली, रस्त्याजवळ, जिथे लाइन आहे आणि गेली तर कोणीतरी मोटरसायकलवर जाऊ शकतं.