उपवासकाळ (वसई)

ईस्टरच्या आधीचा प्रायश्चित्ताचा काळ. वसई परिसरातले मराठी बोलणारे कॅथलिक, म्हणजे मुख्यतः सामवेदी आणि वाडवळ समाज, याला उपवासकाळ म्हणतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर 46 दिवस भरतात. मात्र रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस असल्याने सहा रविवार उपवासात धरत नाहीत, आणि उरतात ते 40. ईस्टर पौर्णिमेवरून ठरतो, त्यामुळे तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांदरम्यान मागेपुढे होतो. शेजारच्या आळीत होळी पेटते, तीही बहुधा याच दिवसांत.

सुरुवात होते ती आदल्या वर्षीच्या झावळ्यांपासून. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वाद दिलेल्या झावळ्या लोक घरी नेऊन जपून ठेवतात. वाळलेल्या झावळ्या जाळून केलेली राख धर्मगुरू कपाळाला लावतात आणि ‘तू माती आहेस, मातीलाच मिळशील’ अशा अर्थाची आठवण करून देतात.

नियम पाहिला तर फारसा कडक नाही. 1966 मध्ये पोप पॉल सहावे यांनी तो सैल केला. खरा उपवास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे). तोही 18 ते 59 वयाच्या लोकांना, आणि त्या दिवशी एकदा पोटभर व दोनदा थोडेसे खाता येते. 14 वर्षांवरील सर्वांनी शुक्रवारी मांस वर्ज्य करायचे. मासळी मात्र मांसात मोडत नाही. अर्नाळा आणि पाचूबंदर ही मासेमारीची ठिकाणे जवळ असलेल्यांना याला त्याग म्हणायचे तरी कसे? म्हणून काही घरांत मासळीही बंद होते, कोणी दारू सोडतो, कोणी चाळीसही दिवस शाकाहारी राहतो. इथे नियमापेक्षा रिवाजच जड आहे. लग्ने तर या दिवसांत सहसा काढतच नाहीत.

दर शुक्रवारी क्रुसाची वाट होते. येशूच्या मृत्युदंडापासून दफनापर्यंतच्या 14 स्थानांपाशी थांबत प्रार्थना करायची. ती चर्चमध्ये होते, तशी वाडीच्या रस्त्यांवरूनही निघते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) लॅटिनची जागा मराठीने घेतली, त्यामुळे या प्रार्थना आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना समजतात. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात आणि ‘आलेलुया’ हा स्तुतिघोष गात नाहीत.

गोव्यात याच काळाच्या तोंडावर इंत्रूज, म्हणजे कार्निव्हल, रंगतो. पुढे गोवा वेल्हा येथे उपवासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. वसईत असा थाट नाही. इथला उपवासकाळ शेतीवाडीतल्या माणसांचा, बराचसा घरातच पाळला जाणारा.

पवित्र गुरुवारी धर्मगुरू भाविकांचे पाय धुतात. पूर्वी हा मान पुरुषांचाच होता, 2016 पासून स्त्रियांनाही बसवण्याची मुभा मिळाली. त्या संध्याकाळच्या मिस्सात गौरवगीत (ग्लोरिया) झाल्यावर घंटा मुक्या होतात आणि लाकडी खटखट्यावर भागवले जाते. शुभ शुक्रवारी मिस्सा होत नाही. दुःखसहनाचा वृत्तांत वाचतात आणि क्रुसाला वंदन करतात. शनिवारी रात्री चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर मोठी मेणबत्ती लावून अंधारात आत नेतात, आणि गौरवगीताला घंटा पुन्हा वाजू लागतात. दुसऱ्या दिवशी घरोघरी मटण शिजते. राहिलेल्या लग्नांच्या तारखा त्यानंतर लागतात.