मागाच्या खटक्यातून उमटलेला सा

अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कारखान्यात एकच माग चालू होता, तेव्हा मी त्याचा आवाज फोनवर टिपून घेतला. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन धावणारी लाकडी नळी, पलीकडे जाऊन आदळला की 'खट्', सेकंदाला साधारण दोनदा. त्यातला एकच खटका, जेमतेम १० मिलिसेकंदांचा, कापून सिक्वेन्सरमध्ये भरला. सिक्वेन्सर म्हणजे कोणता आवाज कोणत्या मात्रेवर वाजवायचा हे लक्षात ठेवणारी पेटी. सोलापुरी चादरीच्या नक्षीसाठी जकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे जे काम करत आले, तेच ही पेटी तालासाठी करते.

माझ्या पेटीचा टेम्पो ३०० वर थांबतो. मिनिटाला ३०० मात्रा, म्हणजे सेकंदाला ५. बटण त्यापुढे फिरत नाही. पण तबला शिकलेल्याला यातली वाट लगेच दिसेल: मात्रा तीच ठेवायची आणि ठोके चौगुनीत घ्यायचे. झाले सेकंदाला २०.

आणि इथेच खरी गंमत सुरू होते. माणसाच्या कानाची खालची हद्द साधारण २० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २० कंपनं. तिच्या अलीकडे ठोके सुटे ऐकू येतात, पलीकडे ते एकमेकांत विरघळून स्वर होऊ लागतात. हे एका झटक्यात होत नाही. चौगुनीत माझा खटका नुसता घरघरत होता. आठपट केली, सेकंदाला ४० ठोके झाले, आणि त्या घरघरीतून खर्जातला एक खडबडीत सा वर आला. मी कितीतरी वेळ तोच ऐकत बसलो. मग एका मात्रेत ८ ऐवजी १२ खटके बसवले. ४० चे ६० झाले, दीडपट, आणि स्वर सा वरून थेट पंचमावर गेला. दुगुन केली असती तर वरच्या सप्तकातला सा मिळाला असता. लयीचं गणित आणि स्वरांचं गणित एकच आहे, हे वाचलेलं होतं. कानाने पहिल्यांदाच कळलं.

३०० च्या पुढे जायचं तर ताल बाहेरून द्यावा लागतो. १९८३ पासून इलेक्ट्रॉनिक वाद्यं मिडी केबलवरून एकमेकांशी बोलतात, आणि ताल देणारं यंत्र दर मात्रेला २४ टिचक्या पाठवतं. अशा वेळी पेटी टिचक्या मोजत पुढे सरकते. ६०० च्या वेगाने टिचक्या पाठवल्या तर काही पेट्या अडखळतात, काही धावतात. माझी धावली. मात्रेला पुन्हा ८ खटके, म्हणजे सेकंदाला ८०!

अर्थात केबललाही मर्यादा आहे. तिच्यातून सेकंदाला ३१,२५० बिट जातात आणि एक सूर वाजवण्याच्या आज्ञेला जवळजवळ १ मिलिसेकंद लागतो. चार सूर एकदम वाजवायचे म्हटले तर चौथा सुमारे ३ मिलिसेकंद मागे पडतो. नेहमीच्या तालात एवढा उशीर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण ८० खटक्यांच्या वेगात दोन खटक्यांमध्ये अंतरच १२.५ मिलिसेकंदांचं असतं. तिथे एकेक मिलिसेकंद मागेपुढे झाला की स्वर खरखरतो.

याचा पुरावा पुन्हा कारखान्यातच मिळतो. चाळीस माग एकदम चालू असले की तिथेही सेकंदाला सुमारे ८० खटके पडतात. पण प्रत्येक माग आपल्याच लयीत असतो, दोन खटक्यांमधलं अंतर सारखं राहत नाही, म्हणून दारातून आत पाऊल टाकताच कानावर आदळतो तो फक्त गोंगाट.