वरचा बोल्ट आणि बाजूचे बोल्ट: फोर्क बदलताना कोणाचं काम काय

सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी पाय, बदलला, सगळं जुळवलं आणि पहिल्याच उतारावर पुढचा ब्रेक दाबला की हँडलखाली ‘टक’ असं वाजतं. हेडसेटमध्ये, म्हणजे फोर्क ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या जोडीत, प्ले (ढिलेपणा) राहिलाय. अशा वेळी हात आपोआप स्टेमच्या, म्हणजे हँडलला फोर्कशी जोडणाऱ्या तुकड्याच्या, माथ्यावरच्या बोल्टकडे जातो. तो पिळला तरी टक तसाच. मग आणखी पिळला जातो आणि टॉपकॅपला (माथ्यावरच्या झाकणाला) तडा जातो किंवा आतला स्टार नट, म्हणजे फोर्कच्या नळीत ठोकलेला चांदणीसारखा नट, जागेवरून सरकतो. मी हे केलेलं आहे आणि एक स्टार नट वाया घालवलेला आहे, म्हणून वरचा बोल्ट आणि बाजूचे बोल्ट यांच्यातला फरक नीट मांडावासा वाटतो.

वरचा बोल्टच सगळं घट्ट धरतो हा गैरसमज जुन्या सायकलींतून आला असावा, असं माझं मत आहे. त्यांच्या फोर्कच्या नळीला आटे असायचे. हेडसेट दोन नटांनी जुळायचा आणि हँडलच्या दांड्यावरचा बोल्ट आतली पाचर वर ओढून हँडल घट्ट धरायचा. तिथे वरचा बोल्ट हीच खरी पकड होती. आजच्या माउंटन बाइकवर फोर्कची नळी, म्हणजे स्टीअरर, गुळगुळीत असते. बोल्ट त्याच ठिकाणी दिसतो, पण त्याचं काम पार बदललं आहे.

आता तो टॉपकॅपमधून खाली जाऊन स्टीअररमध्ये ठोकलेल्या स्टार नटात बसतो. तो फिरवला की फोर्क वर ओढला जातो आणि टॉपकॅप स्टेमला, स्पेसरना (स्टेमच्या वर-खाली बसणाऱ्या कड्यांना) खाली दाबते. मधली दोन्ही बेअरिंग त्यात दाबली जाऊन प्ले निघून जातो. एवढंच त्याचं काम. फोर्क धरून ठेवतात ते स्टेमच्या बाजूचे, स्टीअररला आवळणारे दोन बोल्ट.

गाठोडं बांधताना एक जण दोरी ताणून धरतो आणि दुसरा गाठ मारतो, तसं हे आहे. वरचा बोल्ट ताणतो, बाजूचे बोल्ट गाठ मारतात. गाठ बसल्यावर दोरी कितीही ओढली तरी आतला ढिलेपणा जात नाही. बाजूचे बोल्ट आवळलेले असताना स्टेम खाली सरकूच शकत नाही, मग वरच्या बोल्टचा सगळा जोर स्टार नटावर जातो.

म्हणून क्रम असा: आधी बाजूचे बोल्ट सैल करा, मग वरचा बोल्ट थोडा थोडा फिरवत प्ले घालवा, स्टेम चाकाच्या रेषेत आणा आणि शेवटी बाजूचे बोल्ट आलटून पालटून आवळा. बाजूच्या बोल्टसाठी टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, हवाच. बहुतेक स्टेमवर आकडा छापलेला असतो, बऱ्याचदा ५ ते ६ न्यूटन मीटर. वरच्या बोल्टसाठी मात्र मी आकड्यापेक्षा हातावर विसंबतो: प्ले जाईल आणि हँडल मोकळं फिरेल, तिथे थांबायचं. जास्त दाबलं तर बेअरिंग लवकर खराब होतात आणि हँडल फिरवताना अडखळल्यासारखं वाटतं.

नवा फोर्क असेल तर आणखी एक फसवी जागा आहे. स्टीअररचं वरचं टोक स्टेमच्या, किंवा स्टेमवर स्पेसर असेल तर त्याच्या, वरच्या कडेपेक्षा साधारण ३ मिलिमीटर खाली हवं. नळी लांब राहिली तर टॉपकॅप थेट तिच्यावर टेकते. बोल्ट घट्ट लागतो, पण बेअरिंगवर काहीच दाब येत नाही. उपाय सोपा आहे, एक पातळ स्पेसर वाढवा. नळी कापायची घाई करू नका, कापलेली परत जोडता येत नाही. क्राउन रेस, म्हणजे खालच्या बेअरिंगखालची कडी, फोर्कवर पूर्ण टेकलेली आहे ना तेही बघा. तिच्याखाली फट राहिली तर चालवताना ती खाली बसते आणि प्ले परत येतो.

तपासताना पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा आणि बोटं हेडसेटच्या खालच्या सांध्यावर ठेवा. हलणं तिथे जाणवलं तर दोष हेडसेटचा. फोर्कचा वरचा चकचकीत पाय खालच्या पायात शिरतो तिथे जाणवलं, तर तो फोर्कच्या बुशिंगचा (पाय ज्यातून सरकतो त्या आतल्या कड्यांचा) प्ले आहे आणि वरचा बोल्ट कितीही फिरवला तरी तो जाणार नाही. हँडल आडवं वळवून हीच तपासणी पुन्हा केली की ब्रेक पॅडची हालचाल वेगळी ओळखता येते.

बाजूचे बोल्ट नीट आवळल्यावर धातूच्या स्टीअररमध्ये वरचा बोल्ट काढला तरी फोर्क पडत नाही. उलट टॉपकॅप काढून बाजूचे बोल्ट सैल केले की फोर्क सटकन खाली येतो, म्हणून त्या वेळी एक हात फोर्कखाली असू द्या. कार्बनच्या स्टीअररमध्ये स्टार नट ठोकायचा नाही, तिथे फुगणारा प्लग असतो. तो आतून नळीलाही आधार देतो, त्यामुळे जागेवरच राहू द्यायचा.

पहिल्या एक-दोन राइडनंतर हेडसेट पुन्हा तपासा. टक ऐकू आला तर वरच्या बोल्टला हात लावण्याआधी बाजूचे दोन्ही सैल करा. मग वरच्या बोल्टचा बहुतेक वेळा पाव फेराही पुरतो.