पहिल्या 512 बाइटांची प्रत

गुहागरला मामाचं काजू-कोकमाचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवत होतो. काम शेवटाला आलं आणि लाईट गेली. यूपीएसची बॅटरी आधीच बसलेली. तासाभराने लाईट आली, तर काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत होता. मामी घाबरली, "अरे, उधारीचा सगळा हिशेब त्यात आहे!"

हिशेब जागच्या जागी होता; तिथवर जायची वाट मोडली होती.

जुन्या पद्धतीच्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं की बायोस, म्हणजे यंत्रात आधीच बसवलेला सुरुवातीचा प्रोग्राम, डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे पहिला छोटा कप्पा, वाचतो. हाच मास्टर बूट रेकॉर्ड, सगळा मिळून 512 बाइट. पहिल्या 446 बाइटांत छोटासा प्रोग्राम, जो पुढची यंत्रणा जागी करतो. मग 64 बाइटांचा पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या वाटण्यांचा, तक्ता, त्यात चारच नोंदी. शेवटच्या दोन बाइटांत 55 एए ही खूण. 1983 साली डॉस 2.0 या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आलेली ही मांडणी अजून कितीतरी यंत्रांत आहे.

तक्ता म्हणजे डिस्कचा मोजणी नकाशा. कुठला तुकडा कुठून सुरू होतो, किती लांब आहे, एवढंच त्यात असतं. नकाशा फाटला म्हणून बागेतली कलमं हलत नाहीत, पण गडगा कुठे ते सांगणारं कोणी उरत नाही.

काम सुरू करण्याआधी मी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करून 'डीडी' या आज्ञेने हा एक सेक्टर पेनड्राइव्हवरच्या फाइलीत उतरवून घेतला होता. त्याच डिस्कवर ठेवलेली प्रत अशा वेळी हाताशी येत नाही.

परत लिहिताना मात्र मी थांबलो. प्रत घेतल्यानंतर विंडोजचं पार्टिशन लहान करून लिनक्ससाठी जागा काढली होती. सगळे 512 बाइट परत लिहिले असते, तर वाटणी झाल्यावर वाटणीआधीचा नकाशा लावल्यासारखं झालं असतं. म्हणून फक्त पहिले 446 बाइट लिहिले. नवा तक्ता तसाच राहू दिला. डीडी 'खात्री आहे का?' असं विचारत नाही. कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं यांची अदलाबदल झाली तर जे वाचवायचं तेच पुसलं जातं. मी डिस्कचं नाव आणि आकार दोनदा बोट ठेवून वाचला, मगच एंटर दाबलं. विंडोज उघडलं.

तक्त्यात चारच नोंदी मावतात, म्हणून जास्तीची पार्टिशनं एका 'एक्स्टेंडेड' पार्टिशनच्या पोटात ठेवतात. त्यांच्या नोंदी या 512 बाइटांत नसतात, त्या वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात. नव्या कॉम्प्युटरांत बहुधा जीपीटी ही नवी मांडणी असते. तिचा तक्ता पहिल्या सेक्टरच्या पुढे असतो आणि दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी. तिथे 'एसजीडिस्क' ही आज्ञा वापरून तक्त्याची फाइल करून ठेवावी.

नव्या तक्त्याची प्रत घेऊन पेनड्राइव्ह पाकिटात घातला, वर तारीख लिहिली आणि मामीकडे दिला. तिला बजावलं, की यात फक्त वाट आहे, उधारी नाही. उधारीची प्रत त्याच संध्याकाळी दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतली.