२० अंश उत्तर, २२ अंश दक्षिण: बंदुकांसाठी आखलेला पट्टा

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक अजूनही बाळगली जाते. तिचा बार भरायला सवड लागते. नळीत दारू ओतायची, वर चिंधी, मग गोळी, मग गजाने ठासायचं. जुन्या गारेच्या बंदुकीत याखेरीज बाजूच्या वाटीत रंजक, म्हणजे पेट द्यायची चिमूटभर दारू, घालावी लागे. चाप ओढला की गार पोलादावर आपटायची, ठिणगी रंजकीवर पडायची आणि आग कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकातून, आत शिरायची. हात बसलेला माणूसही मिनिटाला दोन-तीन बारच काढू शके, आणि पाऊस आला की तेवढेही नाहीत.

आफ्रिकेतल्या माणसाला विकायला हीच बंदूक योग्य, असं १८९० साली ब्रुसेल्समध्ये ठरलं.

२ जुलैला तिथे १७ सत्तांनी ज्या करारावर सह्या केल्या, तो मुळात गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा. माणसं पकडणाऱ्या टोळ्यांचं बळ बंदुकीत आहे, तेव्हा बंदुका आवरा, हा विचार खोटा नव्हता. त्यासाठी नकाशावर एक पट्टा आखला गेला: २० अंश उत्तर अक्षांशापासून २२ अंश दक्षिणेपर्यंत, अटलांटिकपासून हिंदी महासागरापर्यंत, किनाऱ्यापासून १०० सागरी मैलांच्या आतल्या बेटांसकट. पट्ट्यात येणारं हत्यार सरकारी कोठारात जमा करायचं. तिथून विक्रीसाठी सुटायची ती गारेची, गुळगुळीत नळीची बंदूक आणि साधी काळी दारू. रायफली आणि सुधारलेली हत्यारं मिळायची ती सरकारी फौजांना आणि खास परवाना असलेल्यांना.

फरक किती मोठा होता, ते नळीत डोकावल्याशिवाय कळत नाही. रायफलीच्या नळीला आतून पिळदार खाचा असतात. गोळी त्यांत घट्ट बसून स्वतःभोवती फिरत बाहेर पडते, आणि फिरणारा भोवरा जसा कलंडत नाही तशी ती वाट सोडत नाही. त्यात मागून काडतूस भरायची सोय झाली, तेव्हा मार्टिनी-हेन्रीसारख्या रायफलीतून मिनिटाला दहा-बारा गोळ्या सुटू लागल्या, त्याही आडवं पडून, आडोशाला राहून. ठासणीवाल्याला गज मारायला सहसा उभं राहावं लागतं. म्हणजे कराराने नुसती बंदूक नव्हे, लढाईतला आडोसाही एका बाजूला देऊन टाकला. गुलामगिरी थांबवणं आणि वसाहत निर्धोक करणं ही दोन कामं त्याच कलमांत मिसळली होती, आणि दुसऱ्याचं वजन जास्त होतं असं माझं स्पष्ट मत आहे. सही करणाऱ्यांत आफ्रिकेतला स्वतःचा राज्यकर्ता असा एकच, झांझिबारचा सुलतान. काँगोचंही नाव होतं, पण तो काँगो बेल्जियमच्या राजा लिओपोल्डच्या मुठीतला.

अडचण अशी की त्याच सुमारास युरोप जुन्या रायफलींचा ढीग उपसत होता. पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८८४ साली बिनधुराची दारू तयार केली. १८८६ मध्ये तिच्यावर चालणारी लेबेल रायफल फ्रेंच फौजेत आली आणि बाकीच्या फौजांनाही हत्यारं बदलणं भाग पडलं. कालपर्यंत उत्तम असलेल्या लाखो रायफली एका झटक्यात जुन्या ठरल्या. त्या वितळवण्यापेक्षा विकणं परवडत होतं.

इथिओपियाच्या मेनेलिकने याचा पुरेपूर उपयोग केला. १८८७ साली त्याला सुमारे दोन हजार जुन्या बंदुका नेऊन विकणाऱ्यांत कविता सोडून व्यापारात शिरलेला आर्थर रँबो होता. पुढे खुद्द इटलीने मैत्रीच्या भरात मेनेलिकला हत्यारं दिली आणि ब्रुसेल्सच्या करारात सामीलही करून घेतलं. सामील झालेला राजा म्हणून त्याला हत्यारं आणायची वाट मोकळी राहिली. पुढे दोघांचं बिनसलं, आणि १ मार्च १८९६ रोजी इथिओपियातल्या अडवा इथे इटलीची फौज त्याच्यासमोर कोसळली.

आपल्या बाजूच्या समुद्रात या व्यापाराशी गाठ पडली ती ओमानच्या मस्कतमध्ये. हे बंदर आखलेल्या पट्ट्याच्या बाहेर. १८४४च्या तहाने फ्रान्सला तिथे व्यापाराची मोकळीक होती आणि गोगुये नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याने तिचा भरपूर लाभ घेतला. मस्कतहून गलबतं समोरचा, इराण-बलुचिस्तानातला मक्रानचा किनारा गाठत, तिथून उंटांचे तांडे अफगाणिस्तानात, आणि मग रायफल वायव्य सरहद्दीवरच्या पठाणाच्या खांद्यावर. ब्रिटिशांनी १९०९ पासून १९१४ पर्यंत या समुद्रावर युद्धनौकांचा पहारा ठेवला. २४ डिसेंबर १९१० रोजी ‘हायसिंथ’ या ब्रिटिश युद्धनौकेचे शिपाई चोरट्या बंदुका शोधायला दुबईत घरोघर शिरले. गावाने हत्यार उचललं, दुबईची ३७ माणसं मेली. वर दंड मागितला तोही ४०० रायफलींचा. १९१२ मध्ये मस्कतच्या सुलतानाने हत्यारं जमा करायला सरकारी कोठार उघडलं, फ्रान्सने १९१४ मध्ये हक्क सोडला, तेव्हा कुठे ही वाट आटली.

तरी सरहद्दीवर दर्रा आदमखेलचे लोहार भट्टीत हुबेहूब रायफल घडवू लागलेच होते. नळी कानशीने घासून होते, लाकडाचा दस्ता कुणीही कोरतो. खरं अवघड काडतूस. पितळेची एकसंध पुंगळी ओढून काढायला यंत्र लागतं आणि तिच्या बुडाशी नुसत्या टकरीने पेटणारं रसायन लागतं. म्हणून तिथे वापरलेली पुंगळी टाकून देत नसत, पुन्हा भरत.

हिंदुस्थानात १८७८च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरवलं होतं आणि युरोपियनांना त्यातून सूट होती. १९०९ साली सावरकरांनी लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुलं चोरून हिंदुस्थानात पाठवली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर ब्राउनिंगच झाडलं. ब्राउनिंग पिस्तुलं तेव्हा लीजजवळच्या हर्स्टालला तयार होत. ते गाव बेल्जियममधलं, म्हणजे ज्या देशात तो करार झाला तिथलंच.

पहिल्या महायुद्धानंतर बंदुकांचा ढीग आणखी वाढला. १९१९ साली सँ-जर्मेनला नवा करार झाला. त्यात आफ्रिकेचा बराच भाग, अरबस्तान, इराण, तांबडा समुद्र आणि इराणचं आखात असा मोठा पट्टा होता. अमेरिकेने मान्यता दिली नाही आणि तो कागदावरच राहिला.

१९२५ मध्ये जिनिव्हात पुन्हा प्रयत्न झाला. लहान देशांची तक्रार होती की विकत घेणाऱ्याचा हिशेब जगासमोर येणार, आणि स्वतः हत्यारं बनवणाऱ्याचं कोठार झाकलेलं राहणार. तक्रार रास्त होती. इराणची गोष्ट आणखी वेगळी. १८९०च्या १७ सह्यांत त्याची एक सही होती, पट्टा तेव्हा दुसऱ्यांच्या भूमीवर आखला जात होता. आता त्याच्या दारातलं आखात पट्ट्यात घेतलं, तेव्हा इराणचे प्रतिनिधी परिषद सोडून निघून गेले. उरलेल्यांनी १७ जूनला करार पुरा केला. तो कधीच अमलात आला नाही. त्याच दिवशी त्याच परिषदेत सह्या झालेला विषारी वायूबंदीचा छोटा मसुदा मात्र १९२८ मध्ये लागू झाला. त्यात नकाशा नव्हता आणि अक्षांशही नव्हते.