कोंबडीच्या तळव्यावरचा काळा डाग

गावठी की ब्रॉयलर? कोकणात कोंबडीच्या दुकानापुढे हा प्रश्न विचारला जातो तो चवीसाठी. वड्यांसोबतचा रस्सा गावठीचाच हवा, रोजच्या सुक्याला ब्रॉयलर चालते. पण कोंबडी जगली कशी हे जाणून घ्यायचं असेल, तर तिचा पाय उलटा करून तळवा बघावा. निरोगी तळवा मऊ आणि सगळीकडे एकसारख्या रंगाचा असतो. मधल्या जाड गादीवर काळी, कडक खपली असेल, तर ती जखम आहे. मग थोडं वर, पाय मागे दुमडतो त्या सांध्यावर तपकिरी चट्टा आहे का ते पाहावं. असला, तर ती कोंबडी बराच काळ ओल्या घाणीत बसून होती.

शेडमध्ये जमिनीवर भाताच्या तुसाची किंवा लाकडाच्या भुशाची गादी असते. कोंबडी वेगळी लघवी करत नाही. शरीरातला नत्राचा कचरा विष्ठेतल्या पांढऱ्या यूरिक आम्लातून बाहेर पडतो. गादी ओली झाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. ओलाव्याने मऊ पडलेली कातडी त्यात भाजल्यासारखी होते.

आणि ती बसून राहते, कारण उभं राहणं तिला जड जातं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात 1957, 1978 आणि 2005 सालचे कोंबड्यांचे वाण एकाच प्रकारच्या खाद्यावर वाढवून पाहिले. 56 दिवसांनी वजनं भरली अनुक्रमे 905, 1808 आणि 4202 ग्रॅम. खाद्य तेच असल्यामुळे हा फरक निवड-पैदाशीचा आहे. आपल्याकडे ब्रॉयलर पक्षी साधारण 35 ते 42 दिवसांत 2 ते अडीच किलोचा होऊन उचलला जातो. परड्यातल्या गावठी तलंगेला दीड किलो व्हायला पाच-सहा महिने लागतात. छातीचं मांस ज्या वेगाने भरतं, त्या वेगाने पायाची हाडं आणि सांधे तयार होत नाहीत.

लंगडणारी कोंबडी दुखण्यामुळेच लंगडते कशावरून? ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2000 साली दिलं. त्यांनी कोंबड्यांपुढे दोन रंगांचं खाद्य ठेवलं; एकात कार्प्रोफेन हे वेदनाशामक मिसळलं होतं. लंगड्या कोंबड्यांनी ते खाद्य धडधाकट कोंबड्यांपेक्षा जास्त निवडलं, आणि लंगडणं जितकं वाईट तितकं औषध जास्त खाल्लं. यानंतर ‘मुक्या जनावराला काय कळतंय’ असं म्हणायला जागा उरत नाही.

कोकणच्या हवेत हे सगळं अधिक कठीण होतं. पावसाळ्यात तिरका पाऊस जाळीतून आत येतो, म्हणून पडदे वरपर्यंत ओढून घेतले जातात. तिथेच चूक होते. अमोनिया हवेपेक्षा हलका. त्याला वरून वाट लागते. पडदा खालून बांधून वर निदान फूटभर फट ठेवावी आणि पाऊस अडवण्यासाठी छपराची वळचण पुढे काढावी. हवेत दहा लाख भागांत 25 भागांच्या वर अमोनिया गेला की कोंबडीच्या डोळ्यांना आणि श्वासनलिकेला इजा होऊ लागते. रोज आत वावरणाऱ्याचं नाक मात्र सरावतं, त्याला वास येईनासा होतो. म्हणून बाहेरच्या माणसाला आत बोलवावं आणि कोंबडीच्या उंचीला उकिडवं बसायला सांगावं. त्याचे डोळे चुरचुरले, तर कोंबड्यांचे चोवीस तास चुरचुरत आहेत.

तुसाची परीक्षा मुठीत होते. मूठ आवळून सोडल्यावर गोळा हलकेच धरून लगेच मोडला तर ठीक. लाडू तसाच राहिला तर ओल जास्त. उन्हाळ्यात दोन इंच थर पुरतो, पावसाळ्यात तीन इंच हवा. पाण्याच्या भांड्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर ठेवावा. तो खाली राहिला की पाणी सांडतं आणि भांड्याभोवती तूस थापीसारखं घट्ट होतं. ती थापी फोडत बसू नये, उचलून बाहेर टाकावी.

उन्हाळ्याचं संकट वेगळं. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या शरीराचं तापमान 41 ते 42 अंश. ते टिकवण्यासाठी ती चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकते. धापेने गारवा मिळतो तो घशातलं पाणी हवेत उडून जातं म्हणून. वैशाखात किनाऱ्यावरची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, पाणी उडणार कुठे? याच कारणाने देशावर उपयोगी पडणारे तुषार फवारे इथे फारसे कामाचे नाहीत, उलट तूस भिजवतात. इथे उपयोग होतो अंगावरून वारा नेणाऱ्या पंख्यांचा. सकाळी दहा ते दुपारी चार खाद्य बंद ठेवावं, कारण पचनाची उष्णताही अंगातच साठते. पाण्याची टाकी आणि पाइप सावलीत हवेत. पाणी कोमट झालं की कोंबडी पिणं कमी करते. शिवाय एका पक्ष्याला एक चौरस फूट हा नेहमीचा हिशेब उन्हाळ्यात सव्वा फुटावर न्यावा. पण करारावर पक्षी वाढवणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात हे सगळं नसतं. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. त्याला मोबदला मिळतो वजन, लागलेलं खाद्य आणि मरतूक पाहून. दोष एकट्या त्याच्यावर टाकणं अन्यायाचं आहे.

गावठी कोंबडी दिवसभर उकरते, धुळीत अंग घोळते, संध्याकाळी आपणहून डालग्याकडे येते. राखणीचा, म्हणजे गावाच्या राखणदार देवाला द्यायचा, कोंबडाही असाच मोकळा वाढलेला असतो. तरी तिचंही जगणं सुखाचं मानायला नको: मुंगूस आणि घार पिल्लं उचलतात, मानमोडी (राणीखेत रोग) आली की आठवड्यात परडं ओकं होतं. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात लासोटा लशीचा एक थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस, एवढं केलं तरी हे मरण बरंच टळतं.

एक हिशेब मात्र सहसा कुणी मांडत नाही. 25 किलोच्या बोकडातून साधारण 12 किलो मांस निघतं. तेवढ्याच मांसासाठी दोन किलोच्या नऊ ब्रॉयलर लागतात. आरोग्यासाठी म्हणून मटण सोडून चिकनकडे वळलेल्या घरात जीव जास्त जातात, आणि त्यांतला प्रत्येक जीव अधिक दाटीत जगलेला असतो. कमी खाणं आणि खाऊ ते हळू वाढलेलं खाणं, हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो.

कायदा खाण्यासाठी मारायला परवानगी देतो, अनावश्यक वेदना द्यायला नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच ते आहे. 2014 मध्ये जलिकट्टूच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भूक-तहान, भीती, वेदना यांपासून मुक्ततेसह प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं या कायद्यात वाचली.

शेवटच्या तासाचं काय? कोंबडीला माणसासारखं श्वासपटल नसतं. पायाला धरून उलटी लटकवली की आतडी-यकृताचा भार थेट श्वासाच्या पिशव्यांवर येतो. गाडीच्या हँडलला दहा-बारा पक्षी टांगून नेताना नेमकं हेच घडतं. दोन्ही हातांनी पंख अंगाशी मिटून, सरळ धरून उचलावी. कापताना इतर कोंबड्यांना दिसू नये; कत्तलखान्यांच्या 2001 च्या नियमांत जनावरांसाठी हीच अट आहे. सुरी धारदार हवी आणि एकाच फटक्यात मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या कापल्या जाव्यात. एकच बाजू कापली तर शुद्ध हरपायला बराच जास्त वेळ लागतो. कापल्याबरोबर ड्रममध्ये फेकण्याऐवजी पत्र्याच्या नरसाळ्यात डोकं खाली करून ठेवली, तर फडफडून पंख मोडत नाहीत. दोन मिनिटांनी डोळ्याला बोट लावून बघावं. पापणी हलली, तर गरम पाण्यात घालायची नाही, अजून थांबायचं.